पेरणाऱ्याच्या नावाचा बँड

जेथ्रो टल या ब्रिटिश बँडचं नाव आज निघालं की बहुतेकांना १९८९ ची ग्रॅमी आठवते. हार्ड रॉक आणि हेवी मेटलसाठीचं पारितोषिक त्या वर्षी पहिल्यांदाच ठेवलं होतं. ते मेटालिका या बँडचंच, असं सगळे धरून चालले होते आणि पाकिटातून निघाला जेथ्रो टलचा ‘क्रेस्ट ऑफ अ नेव्ह’. सभागृहात हशा पिकला, नाराजीचे आवाज उठले. बँडमधलं कुणी तिथं हजरही नव्हतं. पुढे १९९२ साली मेटालिकाला ग्रॅमी मिळाली, तेव्हा त्यांच्या ड्रमरनं, लार्स उलरिकनं मंचावरून जेथ्रो टलचे आभार मानले, या वर्षी अल्बम काढला नाहीत म्हणून. एका संध्याकाळचा तो हशा या बँडला असा चिकटला की त्याआधीची वीस वर्षं त्याखाली झाकली गेली. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. त्या वीस वर्षांत या माणसांनी जे केलं, तसं रॉकमध्ये फार थोड्यांनी केलं आहे.

नावापासूनच बघा. मूळचा जेथ्रो टल अठराव्या शतकातला इंग्रज शेतकरी. मुठीनं बी फेकण्याची पद्धत त्याला पटेना, म्हणून त्यानं घोड्यानं ओढायचं पेरणीयंत्र बनवलं. एका वेळी तीन ओळी पेरणारं, आपल्या तिफणीसारखं. दख्खनच्या शेतकऱ्याला त्यात नवल वाटलं नसतं, युरोपला मात्र ते फार मोठं वाटलं. १९६८ साली लंडनच्या मार्की क्लबमध्ये ही पोरं वाजवत होती तेव्हा त्यांच्या बँडचं नाव सारखं बदलत असे. कार्यक्रम ठरवून देणाऱ्या एजन्सीतल्या एका इतिहासप्रेमी माणसानं हे नाव सुचवलं आणि त्याच नावाला क्लबनं पुन्हा बोलावलं, म्हणून ते राहिलं. योगायोगच. पण दहा वर्षांनी या बँडनं मातीकडे तोंड वळवलं तेव्हा ते नाव त्यांना शोभून दिसलं.

बँडचा गायक आणि बासरीवादक इयन अँडरसन आधी गिटार वाजवायचा. एरिक क्लॅप्टनला ऐकल्यावर त्याला कळून चुकलं की इथं आपली डाळ शिजणार नाही. गिटार देऊन त्यानं एक मायक्रोफोन आणि एक बासरी घेतली. शिकवायला कुणी नव्हतं. अमेरिकन जॅझवादक रोलँड कर्क बासरीत फुंकतानाच गुणगुणायचा. तीच रीत अँडरसननं उचलली आणि आपली केली. त्यात घसा घरघरतो, श्वास फुत्कारतो, मधेच शब्द फुटतो. आपल्याकडे बासरी ऐकायची ती पन्नालाल घोष किंवा हरिप्रसाद चौरसियांची. तिथं फुंकर सुरात विरून जाते, कानाला लागतो तो फक्त सूर. अँडरसनच्या बासरीत उलट श्वासच पुढे येतो. आपल्या कानाला ते आधी बोचतं. थोडा वेळ दिला की लक्षात येतं, ही माणसाच्या छातीतली सगळी धावपळ आहे, आणि तिला लपवायचं नाही हे त्यानं मुद्दाम ठरवलं आहे. पुढे १९९० च्या सुमारास मुलगी शाळेत बासरी शिकू लागली, तेव्हा आपण बोटं चुकीची ठेवत आलो हे त्याला कळलं. जगभर नाव झालेला चाळिशीतला माणूस मग नव्यानं शिकायला बसला. या एका गोष्टीसाठी मला तो फार मोठा वाटतो.

एक पाय उचलून बासरी वाजवणं ही त्याची ओळख. भारतीय श्रोत्याला त्यात मुरलीधर दिसल्याशिवाय राहत नाही, जरी आपल्या मूर्तींमध्ये दुसऱ्या पावलाची बोटं जमिनीला टेकलेली असतात. १९९४ साली हा बँड मुंबईत येऊन गेला. २००८ च्या नोव्हेंबरअखेरीस अनुष्का शंकर यांच्यासोबत मुंबईत त्यांचा कार्यक्रम ठरला होता. २६ तारखेचा हल्ला झाला, कार्यक्रम रद्द झाला. डिसेंबरच्या सुरुवातीला याच कलावंतांनी मुंबईतच, हल्ल्यातल्या पीडितांच्या मदतीसाठी कार्यक्रम केला. मुंबईकरांनी तरी ही आठवण जपायला हवी.

‘अ‍ॅक्वालंग’विषयी फार सांगायला नको. १९७१ चा हा अल्बम आजही सर्वांत जास्त ऐकला जातो. रस्त्यावर राहणाऱ्या माणसांचे फोटो अँडरसनच्या तेव्हाच्या पत्नीनं, जेनीनं काढले होते, त्यांतून शीर्षकगीत आलं आणि त्याच्या शब्दांत तिचाही वाटा आहे. त्यातला बँडचा गिटारवादक मार्टिन बार याचा गिटारचा तुकडा ध्वनिमुद्रित होत असताना लेड झेपेलिनचा जिमी पेज काचेपलीकडे येऊन हात हलवत होता. बार वाजवत राहिला. थांबला असता तर तो तुकडा गेला असता. समीक्षकांनी या अल्बमला एका सूत्रात बांधलेली कृती ठरवलं, अँडरसनला ते मान्य नव्हतं, आणि त्याची थट्टा म्हणून त्यानं १९७२ साली ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ काढला. दोन्ही बाजू मिळून एकच गाणं, वेष्टन म्हणजे अख्खं बनावट वर्तमानपत्र, कवी म्हणे आठ वर्षांचा मुलगा. मुलगा काल्पनिक होता, पण कित्येकांनी त्याला खरा मानलं. अमेरिकेत हा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला.

मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं. १९७७ साली लंडनमध्ये पंकचा वणवा पेटला होता. लांबलचक गाणी बांधणाऱ्या जुन्या बँडांना कुणी विचारत नव्हतं. त्याच वर्षी जेथ्रो टलनं ‘साँग्ज फ्रॉम द वुड’ काढला आणि पुढच्या वर्षी ‘हेवी हॉर्सेस’. इंग्लंडचं रान, ऋतूंचे सण, कुंपणालगतची झाडी, कोठारातले उंदीर आणि त्यांच्या मागावरचं मांजर यांची ही गाणी आहेत. ‘हेवी हॉर्सेस’चं शीर्षकगीत नांगराच्या घोड्यांविषयी आहे. क्लाइड्सडेल, सफोक, शायर, पर्चेरॉन अशी त्यांची नावं घेत ते जातं. ट्रॅक्टर आल्यावर हे घोडे ओळीनं नाहीसे होत गेले. सफोक ही जात आज दुर्मीळ आहे. गाण्यात रडारड नाही. घोड्याच्या खुरांचा जडपणा तालात आहे, आणि कधीतरी तेल संपेल तेव्हा तुम्हीच परत याल असा विश्वासही आहे. दावणीवरून बैल गेलेलं घर ज्यानं पाहिलं आहे, त्याला हे गाणं समजावून सांगावं लागत नाही. याच सुमारास अँडरसननं स्कॉटलंडच्या स्काय बेटावर जमीन घेतली आणि सामन माशांची शेती उभी केली. पुढे त्यात शेकडो माणसांना काम मिळालं. लोकांनी त्यावरही विनोद केले. त्याची गाणी आणि त्याचं जगणं एकाच मातीत होतं, हे त्यांनी पाहिलं नाही.

आज काय आहे? १९८४ च्या दौऱ्यात अँडरसनचा घसा बिघडला तो पूर्वीसारखा झाला नाही. मंचावरचं त्याचं गाणं ऐकून जुने चाहते हळहळतात, आणि त्यांची हळहळ खोटी नाही. २०२० साली त्यानं फुप्फुसांच्या जुनाट आजाराविषयी स्वतः सांगितलं, आणि मंचावरच्या धुराच्या यंत्रांना दोष दिला. चाळीस वर्षांहून अधिक काळ सोबत असलेला बार आता बँडमध्ये नाही. तो आपल्या वादकांना घेऊन तीच गाणी वाजवत फिरतो, आणि चाहत्यांत दोन तट पडले आहेत. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं या बँडला आजवर आत घेतलेलं नाही. पण संगीतकार स्टीव्हन विल्सननं जुन्या ध्वनिमुद्रणांना नव्यानं उजाळा दिल्यापासून ती तरुण कानांपर्यंत पोहोचू लागली आहेत. अँडरसनही थांबलेला नाही. २०२२, २०२३ आणि २०२५ मध्ये त्यानं बँडच्या नावानं नवे अल्बम काढले. आवाज खाली आला आहे, बासरी मात्र अजून खणखणीत आहे.

जेथ्रो टल पहिल्यांदा ऐकणार असाल तर ‘अ‍ॅक्वालंग’नं सुरुवात करू नका. ग्रॅमीचा किस्सा बाजूला ठेवा, ‘साँग्ज फ्रॉम द वुड’ लावा आणि लगेच ‘हेवी हॉर्सेस’. दोन्ही सलग ऐका. सत्तरच्या दशकातल्या इंग्लंडनं रॉकला दिलेलं मातीचं सर्वांत सुंदर संगीत या दोन अल्बममध्ये आहे.