एस्प्रिटचा रंग आणि माझी घाई

लोटस एस्प्रिट ही पत्र्याची गाडी नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. १९७६ ते २००४ या काळात ती इंग्लंडमधल्या नॉर्फकात, हेथेलला तयार होत होती.  गाडीचा सांगाडा तेवढा पोलादी, बाकी सगळं अंग फायबरग्लासचं. साच्यात काचेचे तंतू अंथरायचे, हवा काढून घेऊन त्यात रेझिन ओढायचं, वरचा आणि खालचा असे दोन भाग करायचे आणि कमरेपाशी जोडायचे. गाडीला वळसा घालणारी रेघ दिसते ना, तोच हा सांधा. ही माहिती मी मित्रांना हौसेनं सांगत असे. पॉलिशचं मशीन हातात धरलं तेव्हा मात्र मी पत्र्यावर काम करावं तसं करत सुटलो, आणि पुढचं सगळं नुकसान त्यातून झालं.

नोकरीनिमित्त मी बरीच वर्षं नॉरिचजवळ राहतो. इथल्याच एका शेतावरच्या शेडमध्ये ही १९८९ची लाल टर्बो उभी होती. जॉर्जेत्तो जुजारोनं काढलेला मूळचा टोकदार आकार पीटर स्टीव्हन्सनं १९८७ साली जरा गोलसर केला, त्या पिढीतली. मालक वारल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. रंग विटून गुलाबी पडलेला. बोट फिरवलं की खडूसारखी लाल भुकटी बोटाला लागायची. मला ती बघताक्षणी आवडली, आणि लगेच तिला चकचकीत करायची घाई झाली.

पहिली चूक गाडी घरी आणायच्या आधीच झाली. तिच्यावर पाणी न झिरपणारं प्लॅस्टिकचं जाड कव्हर होतं. ते मी एका टोकाला धरून सरळ ओढलं. कव्हरखाली वर्षांनुवर्षांची बारीक माती साचलेली, ती बॉनेटभर घासत गेली. कव्हर दोघांनी चार कोपरे धरून वर उचलायला हवं होतं आणि आधी भरपूर पाणी सोडून माती वाहून जाऊ द्यायला हवी होती. दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. अशा कव्हराखाली दमट हवा कोंडून राहते आणि फायबरमध्ये ओल मुरते. टपावर आणि इंजिनच्या झाकणावर मोहरीएवढे फोड आले होते. मी ते पाहिले, नखानं चाचपले, आणि घाण असेल म्हणून सोडून दिले.

रंगकाम मी पाहिलं होतं ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात. शाळेच्या सुट्टीत मामांच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये तासन् तास बसायचो. फियाट आणि अँबॅसिडर यायच्या, रंग मेलेल्या. मिस्त्री रबिंग कंपाउंड लावायचे, लोकरी पॅडचं बफिंग मशीन चालवायचे, आणि डोळ्यांसमोर रंग उजळायचा. माझ्या एस्प्रिटचा लालही त्याच जातीचा, म्हणजे वर वेगळा क्लिअर कोट नसलेला. तेव्हा पद्धतही तीच, असं मी धरून चाललो. मिस्त्रींचा हात किती वर्षांचा होता आणि त्यांच्या मशीनखाली पोलादी पत्रा होता, याचा विचार केला नाही.

पत्रा उष्णता पसरवतो. मशीन एका जागी थोडं जास्त रेंगाळलं तरी ताप आजूबाजूला निघून जातो. फायबर तसं करत नाही. घर्षणाचा सगळा ताप वरच्या रंगाच्या थरातच राहतो. डावीकडच्या पुढच्या चाकावरच्या कमानीला जिथे कडा येते, तिथे मी मशीन तिरकं धरून दाबलं, कारण तिथला पांढुरका पट्टा जात नव्हता. आधी ओल्या रंगासारखा दाट लाल आला. मी आणखी दाबलं. मग त्या लालच्या मधोमध करड्या रंगाची एक बारीक रेघ उमटली. मला वाटलं, कंपाउंड वाळलंय. कापडानं पुसलं. रेघ तशीच. करंगळी फिरवली तर काठाला रंगाचा थर मऊ होऊन सरकलेला लागला. ती करडी रेघ म्हणजे खालचा प्रायमर होता. ओला रंग धारेवरून आपोआप मागे सरतो, म्हणून कडेवर थर मुळातच सर्वांत पातळ असतो, आणि मशीनचा सगळा दाबही नेमका तिथेच येतो. कडांना मास्किंग टेप लावून त्या हातानं करायच्या, हे कुठलाही शिकाऊ पोरगा सांगेल. त्या कमानीवरचा कारखान्यातला मूळ रंग आता कायमचा गेला.

त्यानंतर मी रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणलं. बायकोच्या रोजच्या गाडीवर ठेवलं तर ११०च्या आसपास मायक्रॉन दाखवलं. पोलादी गाडीवर कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, तेव्हा यंत्र ठीक होतं. एस्प्रिटवर ठेवलं तर आकडाच येईना. नेहमीची यंत्रं चुंबकानं किंवा विद्युतप्रवाहानं चालतात, त्यांना खाली धातू लागतो. फायबरसाठी ध्वनिलहरींवर चालणारं यंत्र वेगळं मिळतं, आणि ते कितीतरी महाग असतं. मी चिडून यंत्र कपाटात टाकलं आणि अंदाजानं पुढे चालू ठेवलं. आपल्याकडे किती रंग शिल्लक आहे हे माहीत नसताना तो खरवडत राहणं, ही माझी सर्वांत मोठी चूक.

पॅड लाल होत होतं, त्याची भीती मात्र उगाच बाळगली. क्लिअर कोट नसलेल्या रंगात मेलेला थर निघाला की पॅडला रंग लागणारच. गावातल्या एका निवृत्त रंगाऱ्यानं नंतर मला समजावलं, की अशा सुकलेल्या जुन्या रंगावर आधी तेलकट ग्लेझ भरपूर चोळून रात्रभर मुरू द्यायचं, दुसऱ्या दिवशी पुसायचं, पुन्हा लावायचं. त्यानंच रंग इतका परततो, की कंपाउंडची गरज फार थोड्या जागी उरते. त्यांनी दरवाज्याच्या खालच्या भागावर, मशीन न लावलेल्या जागी, हे सुती टॉवेलच्या तुकड्यानं करून दाखवलं. मी कंपाउंडनं मिळवलेल्या रंगापेक्षा तो लाल जास्त खोल होता. ते बघून मला खरंच वाईट वाटलं.

ग्लेझची दुसरी बाजूही मला उशिरा कळली. ते ओरखड्यांत भरून बसतं आणि ओरखडे गेल्यासारखे दिसतात. मशीनचे गोल गोल ओरखडे मी असेच झाकले आणि काम झालं असं समजलो. दोन-तीनदा गाडी धुतल्यावर उन्हात ते सगळे पुन्हा दिसले. आता मी प्रत्येक टप्प्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून, बाजूनं दिवा धरून बघतो. दाराच्या हँडलभोवती चांदणीसारखे तडे होते, त्यांत पॉलिशची पांढरी पूड अडकली, ती अजून पूर्ण निघालेली नाही. हे तडे रंगाचे नसतात, खालच्या फायबरचे असतात. ते उघडून, घासून, रेझिननं भरल्याशिवाय वरून काहीही लावलं तरी परत येतात.

फोडांचा खर्च सर्वांत जास्त झाला. एका वर्कशॉपनं सांगितलं होतं, की रंग फायबरपर्यंत घासून काढावा लागेल आणि मग अंग उबदार जागी दीर्घकाळ सुकत ठेवावं लागेल. घासूनच, कारण रंग काढायचं रसायन फायबरचं रेझिनही खातं. मला उन्हाळ्याआधी गाडी हवी होती. वरवर घासून रंग मारा, असा आग्रह मी धरला. त्यांनी लेखी जबाबदारी माझ्यावर टाकून तो मारला. पुढच्या उन्हाळ्यात टप तापला आणि तेच फोड, त्याच जागी, नव्या रंगातून वर आले. मग सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी टप आणि झाकण हिवाळाभर उघडे ठेवून वाळवले, त्यावर इपॉक्सी प्रायमर दिला आणि मग रंग. त्यानंतर फोड आलेले नाहीत.

गाडी आज चांगली दिसते. पण टप, इंजिनचं झाकण आणि पुढची डावी कमान यांवर नवा रंग आहे. तिच्या इतक्या वर्षांच्या उभं राहण्यानं जेवढा मूळ रंग घालवला नव्हता, तेवढा मी एका हंगामात घालवला.

पुण्या-कोल्हापुरात अजून कितीतरी जुन्या गाड्या कव्हराखाली उभ्या आहेत. त्यातली एखादी तुमच्या घरची असेल, तर प्लॅस्टिकचं कव्हर आजच काढा आणि हवा खेळेल असं कापडी घाला. रबिंग करून घ्यायच्या आधी एका कोपऱ्यात, हातानं, ग्लेझ लावून रात्रभर ठेवून बघा. आणि गाडी फायबरची असेल, तर फायबरवर काम केलेल्या माणसाला दाखवल्याशिवाय तिच्यावर मशीन चालवू नका.