‘सावकाश जेवतो हो आमचा!’

प्रत्येक ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एक नमुना असतो. सगळ्यांचे डबे धुऊन झाले, चहा पिऊन झाला, तरी हा आपला पोळीचा तुकडा चावतोच आहे. अंबड एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात तो नमुना म्हणजे मी. वय २९. टोपणनाव ‘रवंथ’.

आईला मात्र याचा कोण अभिमान! ‘सावकाश जेवतो हो आमचा,’ असं ती पाहुण्यांना कौतुकाने सांगायची. मीही मान डोलवायचो. एका घासामागे दोन घोट पाणी का लागतं, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. रविवारी कॉलेज रोडवर ग्रुप जमला की ‘मिसळ खाऊया’ हा हट्ट माझाच. मित्रांना वाटायचं, पक्का नाशिककर! खरं कारण वेगळं होतं बॉस. रश्श्यात भिजलेला पाव गुपचूप खाली उतरतो. भाकरी उतरत नाही.

न सांगण्यालाही कारण होतं. माझे काका. त्यांचाही घास अडायला लागला होता. आधी भाकरी, मग भात, मग पेज. अन्ननलिकेचा कॅन्सर. सहा महिन्यांत गेले. तेव्हापासून आमच्या घरात ‘घास अडतो’ हे दोन शब्द कुणी उच्चारत नाही.

नाही म्हणायला दोन वर्षांपूर्वी एकदा गुपचूप दाखवलं होतं. एंडोस्कोपी झाली, रिपोर्ट ‘नॉर्मल’. ॲसिडिटीच्या गोळ्या, तिखट कमी, टेन्शन कमी. मी खूश. नॉर्मल म्हणजे नॉर्मल!

मग गेल्या वर्षी त्र्यंबक रोडवर ऑफिसची पार्टी झाली. चिकन टिक्क्याचा एक तुकडा छातीच्या मधोमध अडकला. पाणी प्यायलो, ते परत वर आलं. स्वतःची थुंकीसुद्धा गिळता येईना. बेसिनला धरून वीस मिनिटं उभा होतो. बाहेर गाणी चालली होती आणि आरशात मला काका दिसत होते. तुकडा शेवटी आपोआप सरकला. दुसऱ्या दिवशी मी नव्या डॉक्टरांसमोर बसलो आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. काकांसकट.

त्यांचे प्रश्न भलतेच. लहानपणी दमा होता का? होता. सर्दी, शिंका, ॲलर्जी? भरपूर. ‘जेवायला वेळ किती लागतो?’ मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘आधी बेरियम स्वॅलो करू.’

सकाळी उपाशीपोटी गेलो. हातात पांढऱ्या दाट द्रवाचा ग्लास आला. दिसायला मिल्कशेक, चवीला शाळेतला खडू. बेरियम सल्फेट. क्ष-किरण त्यातून सहजी आरपार जात नाहीत, म्हणून ते जिथून जातं तिथला आकार पडद्यावर उमटतो. आयडिया जुनी आहे. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये आणि पुढच्याच वर्षी हार्वर्डमधल्या वॉल्टर कॅनन नावाच्या विद्यार्थ्याने बिस्मथ मिसळलेलं अन्न एका हंसिणीला खाऊ घालून तिच्या लांब मानेतून ते कसं उतरतं ते पाहिलं. सव्वाशे वर्षांनी नाशकात हंसिणीच्या जागी मी!

‘तोंडात धरा... आता गिळा.’ गिळलं. कधी उभं राहून, कधी टेबलावर आडवं होऊन. रेडिओलॉजिस्ट मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी मीच धीर केला, ‘मॅडम, गाठ आहे का?’ त्या म्हणाल्या, ‘तसं काही दिसत नाहीये. बाकी डॉक्टर सांगतील.’ पार्किंगमध्ये येऊन मी गाडीत बसून रडलो. खोटं कशाला सांगू?

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. कॅन्सरमध्ये बहुतेकदा एका जागी ओबडधोबड अडथळा दिसतो. माझी नळी मात्र बऱ्याच लांबीपर्यंत एकसारखी, गुळगुळीत बारीक झाली होती. अशी सगळीकडून सारखी अरुंद झालेली नळी दुर्बिणीतून बघताना नजरेतून निसटू शकते, एक्स-रेवर ती पटकन कळते. नळी १३ मिलिमीटरपेक्षा बारीक झाली, की घट्ट घास अडायचाच.

पण एक्स-रे आकार दाखवतो, कारण सांगत नाही. त्यासाठी परत एंडोस्कोपी झाली. या वेळी नळी वरवर कशीही दिसो, वेगवेगळ्या जागचे बारीक तुकडे तपासायला घेतले. मागच्या वेळी राहिलं होतं ते हेच. त्यात ॲलर्जीत वाढणाऱ्या पेशी सापडल्या, इओसिनोफिल. सूक्ष्मदर्शकाच्या एका दृश्यात १५ किंवा जास्त दिसल्या की संशय पक्का व्हायला लागतो. आजाराचं नाव इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस. वेगळा आजार म्हणून तो ओळखला गेला १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. म्हणजे माझ्याहून थोडाच मोठा! वर्षानुवर्षं सूज राहिली की नळी आतून कडक आणि अरुंद होत जाते. मी ‘सावकाश’ जेवत होतो, त्या सगळ्या वर्षांत.

औषध गमतीशीर आहे. लहानपणी दम्यासाठी ओढायचो तसलाच पंप. फक्त आता फवारा श्वासात घ्यायचा नाही, गिळायचा. मग अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. दूध आणि गहू काही महिने बंद करून पाहिले. चार महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा सूज बरीच उतरली होती. आजार मुळापासून जात नाही, पण काबूत राहतो.

त्या संध्याकाळी फिल्म आईला दाखवली. तिने ती खिडकीशी धरली आणि त्या बारीक पांढऱ्या रेघेकडे बघत राहिली. ‘आणि मी सगळ्यांना कौतुकाने सांगत होते रे,’ एवढंच म्हणाली.

परवा तिने बाजरीची भाकरी केली. समोर पाण्याचा तांब्या नेहमीसारखा भरून ठेवला. मी जेवलो, ती बघत होती. ताट उचललं तेव्हा तांब्या अर्ध्याहून जास्त भरलेला होता. तिने तो हलवून पाहिला आणि आणखी अर्धी भाकरी वाढली.

तुमच्या कॅन्टीनमध्येही एखादा ‘रवंथ’ असेलच. त्याला चिडवा खुशाल, पण एकदा विचारा, घासामागे पाणी किती लागतं.