गाडी लंगडते

शेतीच्या आणि सुतारकामाच्या शब्दांचे संग्रह आपण कौतुकाने करतो. मोटारदुरुस्तीच्या शब्दांना मात्र भेसळ समजून बाजूला सारतो. गाडी 'मिसिंग मारते', 'झटके खाते', 'पिकअप घेत नाही', 'हवा घेते', 'हिच्यात कचरा आला' ही वाक्ये देवळ्यातल्या कोणत्याही गॅरेजात घटकाभर बसलात तर तुमच्या कानांवर पडतील. 'मिसिंग' हा शब्द इंग्रजीतून आला खरा, पण आपल्याकडे येताच तो नाम झाला आणि 'मारणे' या क्रियापदाच्या आधाराने उभा राहिला. गप्पा मारणे, चक्कर मारणे, तशी मिसिंग मारणे. अशा शब्दांत यंत्राविषयीचे कितीतरी निरीक्षण साठलेले असते. ते ऐकून घेतले, तर निदानाचे निम्मे काम होते, असे माझे मत आहे.

अर्थात शब्द कधीकधी यंत्राच्या मागे पडतात. 'कचरा आला' हेच पाहा. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी कार्ब्युरेटरवर चालत असे. टाकीतला गाळ कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे सुईच्या नेढ्याएवढ्या छिद्रात, अडकला की इंजिन अडखळे; कारागीर जेट काढून तोंडाने फुंकर मारी आणि गाडी चालू लागे. तेव्हा ते वाक्य शब्दशः खरे होते. २००० सालाच्या सुमारास प्रदूषणाचे निकष कडक झाले, कार्ब्युरेटर मागे पडला, संगणकाच्या हुकमाने पेट्रोलचा फवारा सोडणारे इंजेक्टर आले. यंत्र बदलले, वाक्य राहिले. आजही अडखळणाऱ्या प्रत्येक गाडीत कुणाला तरी कचराच दिसतो.

आमच्या गाडीच्या बाबतीत तर कचऱ्याच्याही पुढची गोष्ट सांगण्यात आली होती. एका गॅरेजात तिचे तिन्ही प्लग बदलले गेले, तरी दोष राहिला. मग इंजिन उघडावे लागेल, असे सांगून अंदाजपत्रक हाती दिले गेले. त्यावर खर्चाचा आकडा मोठा होता आणि कामाचे वर्णन दोनच शब्दांत होते : 'इंजिन काम'. गाडी आठ-दहा दिवस अडकणार होती. माझ्या आईच्या डोळ्याच्या पडद्याला सूज आहे. तिला दर महिन्याला इंजेक्शनसाठी नाशिकला न्यावे लागते. ती तारीख पुढे ढकलता येत नाही, कारण या आजारात उपचाराला उशीर झाला, तर गेलेली नजर पूर्ण परत येईलच असे नाही. पुढची तारीख बारा दिवसांवर होती.

देवळ्याहून नाशिकला निघाले की भावडबारीचा घाट लागतो. कांद्याच्या हंगामात भरलेल्या ट्रॅक्टरांमागे तिसऱ्या गिअरमध्ये रांगत तो चढावा लागतो. त्याच चढावर आई म्हणाली होती, "बापू, गाडी लंगडस रे." आमच्या बागलाणी बोलीतले हे 'लंगडस' म्हणजे प्रमाण मराठीतले 'लंगडते'. आईला इंजिनातले काही कळत नाही. पण तिने उभा जन्म बैल पाहिले आहेत. लंगडणारा बैल थांबत नाही, चालतच राहतो. एक पाय भार घेत नाही आणि ती उणीव ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते. 'इंजिन काम' या दोन शब्दांत नसलेली सगळी माहिती या एका क्रियापदात होती.

आमच्या गाडीला तीन सिलिंडर आहेत. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एक, असे मिनिटाला ४०० स्फोट होतात. तिघांचे मिळून १,२००. त्यांतला एक सिलिंडर निकामी झाला की दर तिसरा ठोका गळतो. बंद पडणे वेगळे, धापा टाकणे वेगळे आणि लंगडणे वेगळे. टाकीतला पंप थकला असता, तर तिन्ही सिलिंडर एकदम उपाशी राहिले असते आणि आईने दुसरा शब्द वापरला असता.

सिलिंडरमध्ये स्फोट व्हायला हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण, पुरेसा दाब आणि नेमक्या क्षणी ठिणगी लागते. हवेची नळी फाटली असेल, तर गाडी उभी असताना इंजिन अधिक थरथरते आणि रेस दिली की बरेचसे सुधारते. कारण आत जाणारी हवा वाढली की गळतीचा वाटा नगण्य होतो. झडप किंवा दट्ट्याच्या रिंगा झिजून दाब गेला असेल, तर सकाळी थंड इंजिन चालू करतानाच तक्रार दिसते. आमची गाडी उभी असताना जेमतेम थरथरे, सपाटीला नीट धावे आणि घाटात लंगडे. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण भरते, आतला दाब वाढतो आणि वाढलेल्या दाबात प्लगच्या मिलिमीटरभर फटीतून उडी मारणे ठिणगीला अवघड जाते; त्यासाठी अधिक व्होल्टेज लागते. म्हणून दुबळी ठिणगी घाटात उघडी पडते. तेव्हा संशय इंजिनाच्या पोटावर नव्हे, ठिणगीच्या वाटेवर घ्यायला हवा होता.

त्याला पुष्टी मिळाली ती गाडीच्याच भाषेतून. स्टीअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. ही व्यवस्था अमेरिकेत १९९६ पासून सक्तीची झाली आणि भारत स्टेज ४ च्या काळात आपल्याकडेही रुळली. काडेपेटीएवढे एक यंत्र त्यात बसवले की मोबाइलवर संकेत वाचता येतात. आमच्या गाडीने सांगितले : पी०३०२. भाषेच्या विद्यार्थ्याला या संकेताची घडण आवडावी. 'पी' म्हणजे इंजिन व चालनयंत्रणा, पुढचे शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान असा संकेत, तीन म्हणजे प्रज्वलनाचा विभाग, आणि या मालिकेत शेवटचे दोन आकडे सिलिंडरचा क्रमांक सांगतात. मूळ शब्दाला प्रत्यय जोडत जावे, तसा हा शब्द बांधला आहे. मात्र दोष कुठे आहे एवढेच तो सांगतो. का आहे, ते सांगत नाही. दुसऱ्या सिलिंडरला प्लग, कॉइल, इंजेक्टर, झडपा सगळेच आहे.

येथे मला पतंजलीची आठवण झाली. शब्दाचा कोणता अंश कोणता अर्थ वाहतो, हे ठरवण्यासाठी 'महाभाष्या'त 'वृक्षः' आणि 'वृक्षौ' ही रूपे शेजारी ठेवली आहेत. एक ध्वनी जातो, दुसरा येतो, 'वृक्ष' तसाच राहतो. अर्थातही एकत्व जाते, द्वित्व येते, झाड तसेच राहते. मग जे गेले त्याचा अर्थ तो, जे आले त्याचा हा. ही अन्वय-व्यतिरेकाची रीत. तिची अट एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तिन्ही प्लग एकदम बदलून काही कळत नाही, ते यामुळेच.

आमच्या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे. बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करणारी ही वस्तू दहा नंबरच्या एका बोल्टने बसवलेली असते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, चावी काढून आणि बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवून, मी पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलींची अदलाबदल केली. बाकी कशालाही हात लावला नाही. (जुने कारागीर चालू इंजिनात एकेक प्लगची तार उपटून निकामी सिलिंडर ओळखत. पद्मिनीच्या काळी ते खपून गेले. आताच्या गाड्यांत तसे करू नका, जोरदार झटका बसतो आणि संगणकही जळू शकतो.) यंत्रातला जुना संकेत पुसला आणि रविवारी पहाटे, आईला न घेता, एकटाच घाट चढलो. अर्ध्या चढावर गाडी लंगडू लागली. सुरक्षित जागी थांबून पाहिले, तर संकेत होता पी०३०१.

दोष कॉइलबरोबर स्थलांतरित झाला होता. ती जिथे, तिथे दोष; ती जिथून गेली, तिथे दोष नाही. दोष दुसऱ्या सिलिंडरमध्येच राहिला असता, तर पुढच्या खेपेला प्लगची अदलाबदल केली असती, मग लांब पेचकसाचे टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावून त्याची टिकटिक ऐकली असती, आणि अगदी शेवटी दाब मोजायला इंजिन कारागिराकडे नेले असते. उंदरांनी कुरतडलेल्या तारांचीही शक्यता होती. आमची गाडी कांदाचाळीला लागून उभी असते.

कॉइलचा रबरी मोजा उजेडात फिरवून पाहिला. आतून एक काळी, केसाएवढी रेघ खालपर्यंत उतरली होती. दाब वाढला की ठिणगी प्लगच्या फटीऐवजी या रेघेतून बाहेर पळत होती. नवी कॉइल दोन हजार रुपयांच्या आत मिळाली. बसवायला दहा मिनिटे लागली.

दोन गोष्टी मात्र उरल्या होत्या. ठिणगी पडत नसली तरी इंजेक्टर पेट्रोल सोडतच राहतो. ते न जळलेले पेट्रोल पुढे धूरनळीतल्या शुद्धीकरण-डब्यात पेटते आणि तो आतून वितळू शकतो. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लुकलुकतो तो याच इशाऱ्यासाठी. आमचा डबा शाबूत निघाला. काही पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्येही झिरपते. ऑइलची पट्टी काढून हुंगली, तर पेट्रोलचा वास येत होता. म्हणून मुदतीच्या आधीच ऑइल आणि फिल्टर बदलून घेतला. इंजेक्शनच्या तारखेला तेव्हा अजून पाच दिवस होते.