उधारीची टेकडी

खरं सांगू? विमानाचं तिकीट बुक करताना खाली तो ‘झाडं लावा, कार्बन फेडा’वाला चौकोन येतो ना, त्यात टिक मारली की मला एकदम हलकं वाटायचं. एका पिझ्झाच्या पैशात पापक्षालन! यंदा जूनमध्ये धाकट्या भावाला भेटायला एडिनबराला गेले आणि ते हलकेपण तिथल्या एका टेकडीवर ठेवून आले.

निनाद एडिनबरा विद्यापीठात पीएचडी करतोय. ‘‘ताई, किल्ला-बिल्ला सगळेच बघतात. चल, तुला आमच्या युनिव्हर्सिटीची उधारी दाखवतो,’’ म्हणाला. वेव्हर्ली स्टेशनवरून ट्रेन पकडली. स्टर्लिंगच्या पुढचं स्टेशन ब्रिज ऑफ अ‍ॅलन, टुमदार गाव. तिथून स्टर्लिंग विद्यापीठाच्या तळ्याकाठच्या कॅम्पसमधून वर चढलं की ओखिल टेकड्या सुरू. डमायटचं शिखर ४१८ मीटरचं, सिंहगड चढणाऱ्यांना किस झाड की पत्ती! पण वरून दिसणारी फोर्थ नदीची वळणं आणि वॉलेसचा मनोरा... कॅमेरा खाली ठेववत नाही.

याच टेकड्यांमध्ये ड्रमब्रे नावाची ४३१ हेक्टर जमीन विद्यापीठाने घेतलीय. २०४० पर्यंत कार्बन न्यूट्रल व्हायचंय, पण कामासाठीचे विमानप्रवास पूर्ण टळत नाहीत. मग तो कार्बन स्वतःच्या जमिनीवर फेडायचा, अशी ही योजना.

मी बघतेय तर नुसतं गवत. ‘‘जंगल कुठाय?’’

‘‘येतंय. पन्नास वर्षं थांब!’’

स्कॉटलंडमध्ये सिटका स्प्रूस हा अमेरिकेतून आणलेला वृक्ष ओळीने लावतात. झपझप वाढतो, त्यामुळे कार्बनचा हिशेब लवकर जुळतो. पण त्या दाटीत खाली ऊनच पोचत नाही, मग बाकी काही फारसं उगवत नाही. ‘‘म्हणजे आपल्या वेताळ टेकडीवरची ग्लिरिसिडिया!’’ मी ओरडलेच. म्हणून इथे भर आहे तो देशी झाडांवर. बर्च, रोवन, ओक यांच्यासोबत किडे, पक्षी, शेवाळं सगळंच परत यावं, असा हेतू.

आणि दिसेल तिथे झाड लावायचं, असंही नाही बरं का. पीट म्हणजे हजारो वर्षं साचलेली दलदलीची माती. ती वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. उत्तरेच्या फ्लो कंट्रीत १९८० च्या दशकात करसवलतीच्या मोहाने या मातीत चर खणून झाडं लावली. माती सुकली आणि तिच्यातला कार्बन हवेत जायला लागला! आता तीच झाडं तोडून ते चर बुजवतात. त्याच फ्लो कंट्रीला २०२४ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. कधीकधी ओली, उघडी जमीन हीच मोठी तिजोरी असते.

सॅण्डविच खाता खाता निनादने माझा हिशेब काढला. मुंबई ते एडिनबरा आणि परत, माणशी टनाहून जास्त कार्बन. तो एका दिवसात आकाशात गेला. रोप मात्र पहिली काही वर्षं जेमतेम काही शोषतं, कर्ज फिटायला दशकं जातात. ‘‘म्हणून आधी कमी उडायचं. झाडं उरलेल्यासाठी. आणि तोवर टेकडीवर चार पक्षी तरी वाढायला हवेत, नाहीतर नुसती वहीतली नोंद.’’

मग हळूच म्हणाला, ‘‘ताई, मी दिवाळीला येत नाहीये. उन्हाळ्यात एकदाच येईन, महिनाभर. आईला तू सांगशील?’’

वर कुठेतरी चंडोल गात होता. मला काही बोलता येईना.

तुम्ही गेलात तर पावसाळी जॅकेट आणि चिखलात चालतील असे बूट न्या, हवा तासात तीनदा बदलते. आणि आईला मी अजून सांगितलेलं नाही. तिने चकलीची भाजणी दळून आणलीय.