स्वस्तातलं मशीन

शनिवार-रविवार पुण्यातल्या सोसायट्यांची लॉन कापायची, असं मी आणि आमच्या माळीकाकांनी ठरवलं. भांडवल माझा बोनस. काकांनी तर दोन बंगल्यांची कामं सोडलेली. मी सगळ्यात स्वस्त, ढकलायचं हातमशीन उचललं. कात्रीसारखं कापतं, ना पेट्रोल, ना वीज. मस्त!

जुलैत गवत घोट्यावर गेलं. मशीन ते कापेना, नुसतं आडवं पाडायला लागलं. पहिलीच सोसायटी हातची जाते की काय!

काका शांतपणे म्हणाले, “दादा, किंमत नंतर बघा. आधी पाऊस बघा, मग पातं इथं मिळतं का ते बघा.”

सेकंडहँड फोर-स्ट्रोक रोटरी घेतली. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही. सोसायटी वाचली. हातमशीन? आहे की, हिवाळ्यातल्या फिनिशिंगला! आता खरेदीला काका पुढे, मी मागे.