एंटर दाबला की...

"सर, माझंच चुकतं हो. वय झालं आता."

गेल्या महिन्यात एका पतसंस्थेच्या काउंटरमागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो, तेव्हा तिथल्या रोखपाल मॅडम हे म्हणाल्या. आमचं नवं सॉफ्टवेअर बसल्यापासून त्यांच्या नोंदी चुकत होत्या. आवर्त ठेवीचा हप्ता बचत खात्यात जायचा. मॅनेजर साहेब त्यांना काउंटरवरून हलवायच्या विचारात होते. आम्ही तरी काय दिवे लावले? "तुम्हाला खात्री आहे का?" असं विचारणारी चौकट टाकून मोकळे झालो. चुका चालूच. मग मला धाडलं, ट्रेनिंग द्यायला.

ट्रेनिंग राहिलं बाजूला, मी तासभर नुसता बघत बसलो. (युजेबिलिटी टेस्टिंगमधलं सगळ्यात अवघड काम म्हणजे तोंड बंद ठेवणं. "अहो, तिकडे क्लिक करा ना" असं दहा वेळा ओठांवर येतं.)

मॅडम स्क्रीनकडे बघतच नव्हत्या! डोळे स्लिपवर आणि नोटांवर, उजवा हात नंबर पॅडवर. सभासद क्रमांक, एंटर. कर्सर रकमेवर. रक्कम, एंटर. जुन्या डॉसच्या सॉफ्टवेअरमध्ये इथेही कर्सर पुढच्या रकान्यात जायचा. आमच्यात मात्र दुसऱ्या एंटरला नोंद थेट सेव्ह! खात्याचा प्रकार त्याच्या खाली, आणि तिथे आधीच भरून ठेवलेलं 'बचत'. ती खात्रीची चौकट? तीही एंटरनेच बंद व्हायची. वर्षानुवर्षांची सवय बोटांत असते, ती चौकट वाचायला थांबत नाही.

मग आणखी चौघांना बसवलं. पाचांपैकी चौघं तिथेच घसरले. वाचला तो नवा मुलगा, कारण तो सगळं माउसने करतो. याकोब नील्सनने २००० साली मांडलं होतं की एक माणूस सरासरी ३१ टक्के दोष दाखवत असेल, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के दोष सापडतात. आमचा दोष तर पहिल्याच खुर्चीवर सापडला होता. डॉन नॉर्मनच्या १९८८ च्या पुस्तकात हेही आहे की वस्तू वापरता आली नाही की माणसं स्वतःलाच दोष देतात. वाचलं होतं मी ते, कॉलेजात असताना. पण "वय झालं आता" हे कानांनी ऐकणं वेगळं.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची निघाली. एंटर फक्त पुढच्या रकान्यात नेतो, सेव्ह एफ-१० वर. खात्याचा प्रकार रिकामा, निवडल्याशिवाय सेव्ह होत नाही. चौकट काढून टाकली.

मॅनेजर साहेबांच्या मेलमध्ये आधी सवयीने लिहिलं, 'वापरकर्त्यांच्या सोयीसाठी केलेले बदल'. मग ते खोडलं आणि लिहिलं, 'चूक आमच्या सॉफ्टवेअरची होती, मॅडमची नव्हती.' आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरला ते फारसं रुचलं नाही. असो.

मॅडम अजून काउंटरवरच आहेत.