शेख, शेख आणि शेख

आपल्याकडे पत्ता आतून बाहेर लिहितात. आधी नाव, मग मुक्काम, पोस्ट, ता. समुद्रपूर, जि. वर्धा. संगणक बाहेरून आत येतो. आधी जिल्हा, शेवटी माणूस.

२००१ च्या विंडोज एक्सपीत हा पत्ता खिडकीच्या माथ्यावर दिसे, इंग्रजी अक्षरं आणि उलट्या तिरक्या रेघा यांची एक लांब ओळ. आमच्या घरात ती कुणी वाचत नसे. २००७ मध्ये व्हिस्टा आलं आणि त्या ओळीचे तुकडे झाले. प्रत्येक फोल्डरचं नाव म्हणजे एक बटण, दाबलं की थेट त्या पायरीवर. दोन नावांमधला लहानसा बाण दाबला तर त्या पायरीवरची बाकीची भावंडंही दिसतात.

इंग्रजीत या पट्टीला ब्रेडक्रम्ब, म्हणजे पावाचा चुरा म्हणतात. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या कथासंग्रहात जंगलात सोडलेली भाऊ-बहीण आहेत. भाऊ परतीच्या खुणेसाठी चुरा टाकत जातो आणि पाखरं तो खाऊन टाकतात. आम्हाला हे नाव काही पटत नाही. चुरा आपण कोणत्या वाटेनं आलो ते सांगतो, ही पट्टी वस्तू कुठं राहते ते सांगते. गिरडच्या दर्ग्याला कुणी उमरेडकडून येवो की हिंगणघाटकडून, गिरडचा तालुका समुद्रपूरच.

भाईजान वारले तेव्हा घरचे सगळे कागद त्यांनी स्कॅन करून ठेवलेले होते. अब्बांच्या नावाचं फोल्डर, त्यात मुलांची, त्यांच्या आत नातवंडांची. शेतीवर वारस नोंद करायची होती. भाचा नागपुरात शिकतो. अभ्यासाचा भाग म्हणून तो एक फाइल मॅनेजर बनवत होता, तो त्यानं आमच्याच संगणकावर लावून पाहिला. जागा पुरत नसेल तर प्रत्येक नाव शेवटाकडून कापायचं, असा त्याचा नियम होता.

आता आमच्या भागात नाव असं लिहितात: शेख रहीम शेख करीम. करीमचा मुलगा रहीम. म्हणजे नावातच बापापर्यंतची पट्टी आहे, फक्त उलटी. ते शेवटाकडून कापलं की उरतं काय? माथ्यावर ओळीनं शेख, तीन टिंबं, शेख, तीन टिंबं, शेख. चौथीपर्यंत शिकलेल्या भाभी पडद्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बेटा, यातले तुझे मामू कोणते?"

भाचा वाद घालू लागला. शेखला वेगळा कायदा कसा करणार? रामराव पाटलांचं नाव शेवटाकडून कापलं तर आडनाव जातं, माणूस राहतो. आमच्यात माणूसच जातो. दोन दिवस हुज्जत झाली (जेवताना सुद्धा). शेवटी जो नियम निघाला तो कुणा एकासाठी नव्हता. शेजारच्या नावांची सुरुवात सारखी असेल तर ती सारखी अक्षरं गाळायची, जिथून नावं वेगळी होतात तिथून दाखवायचं. ओळ तरीही मावली नाही तर मधले फोल्डर एका टिंबांच्या बटणात घडी घालून ठेवायचे, पण पहिलं आणि शेवटचं नाव कधीच झाकायचं नाही. त्यानंतर भाभींनी भाईजानचा दाखला, सातबारा, मुलांचे जन्मदाखले एकटीनं काढून दिले. चुकीच्या फोल्डरात गेल्या की माथ्यावर अब्बांचं नाव दाबायच्या आणि तिथून पुन्हा उतरायच्या.

अडलं ते आपाच्या फोल्डरापाशी. त्या हिंगणघाटला दिलेल्या. आधारवर नवऱ्याचं नाव, शाळेच्या दाखल्यावर अब्बांचं, आणि शेतीत हिस्सा आहे तो अब्बांची मुलगी म्हणून. फोल्डरला बाप एकच असतो. धाकट्याचं म्हणणं, सासरच्या नावानं वेगळं करा. भाभींनी ऐकलं नाही. फोल्डर अब्बांच्या आत ठेवलं आणि सासरच्या नावाचा शॉर्टकट बाहेर. आपा आल्या, त्यांनी शॉर्टकट उघडला. माथ्यावर पट्टी उमटली ती अब्बांच्या नावापासून. त्यांनी ती दोनदा वाचली आणि आपल्या हिश्शाचा सातबारा छापायला सांगितला.